क्रिकेटपटू कै. बाळू पालवणकर

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या वरच्या दोन इयत्तांतील मुलांस घेऊन आम्ही वेरूळास गेलो होतो. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर. वाटेत देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला लागतो. परंतु मुलांनी डोंगर पाहिला नाही की किल्ला पाहिला नाही. त्यांचा सारा वेळ क्रिकेटच्या वादात गेला. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या संघाची तिजोरी मोठी त्याचाच अखेर जय व्हावयाचा. २००८ साली सुरू झालेल्या आयपीएल स्पर्धेत खेळाडूंचा लिलाव होतो व त्यात प्रत्येक संघास खर्चाची मर्यादा सारखीच असते हे खरे. तथापि सरावाची मैदाने, उत्तम शिक्षक, वैद्य आणि गावोगाव हिंडून होतकरू मुले हुडकणारी माणसे यांवर धनिक मालक पाण्यासारखा पैसा ओततो, त्याला मर्यादा कोणती? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, पैशाने संघ मिळेल, थोरवी मिळणार नाही. थोरवी कळते ती आकड्यांवरून. ज्याच्या धावा अधिक, ज्याने अधिक गडी बाद केले, तो थोर. मग तो कोणत्याही संघाचा असो.

दुपारी कैलास लेणे पाहून झाल्यावर झाडाखाली डबे सोडले, तेव्हा तोच वाद पुन्हा सुरू झाला. इतका वेळ गप्प बसलेल्या वसतिगृहातील एका मुलाने हळूच विचारले की, ज्याला कोणी बॅट हाती दिलीच नाही त्याच्या धावा कोणत्या रकान्यात मांडावयाच्या? मुले हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही, आणि त्या क्षणी उत्तरही सुचले नाही. परत आल्यावर पुष्कळ विचार केला तेव्हा ध्यानी आले की, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एका मनुष्याच्या आयुष्यात पूर्णपणे लिहिलेले आहे. तो मनुष्य म्हणजे कै. बाळू पालवणकर. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम त्या काळच्या क्रिकेटची स्थिती सांगणे अवश्य आहे. हा खेळ इंग्रजांनी आपल्या देशात आणला व तो मुंबईस प्रथम पारशी समाजाने उचलला. साहेबलोकांची मुंबई जिमखाना ही संस्था १८७५ साली स्थापन झाली. तिचे हिरवळीचे मैदान राखलेले, त्यावर माळी व चाकर नेमलेले. एतद्देशीय मुले शेजारच्या उघड्या मैदानावर खेळत, आणि तेथेच साहेबलोक पोलो खेळावयास येत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडून जाई व तिजवर चेंडू कसा उसळेल याचा नेम राहत नसे. या गाऱ्हाण्यासंबंधाने पारशी व हिंदू खेळाडूंनी सरकारकडे कित्येक अर्ज केले. पुढे समुद्रकाठी भराव घालून केलेल्या जमिनीवर पारशी, हिंदू व मुसलमान यांस निरनिराळी मैदाने मिळाली. हिंदूंचा जिमखाना १८९४ साली परमानंददास जीवनदास यांच्या नावाने उभा राहिला. त्यास त्याच घराण्याची मोठी देणगी कारण झाली. सारांश, क्रिकेट हा पैशाचा खेळ तेव्हाही होताच. मैदान, रोलर, जाळी, बॅट, बूट, पांढरा पोशाख, यांपैकी कोणतीही वस्तू फुकट येत नव्हती. आणि पैशाहूनही मोठा असा एक अडसर होता, तो जातीचा.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्करी खात्याच्या चाकरीच्या निमित्ताने पुण्यास राहत. छावणीतील अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या बॅटी व उसवलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळावयास शिकले. त्यांची शाळा लवकरच सुटली. घरास चार पैशांची मदत व्हावी म्हणून बाळू पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात चाकरीस राहिला. खेळपट्टी झाडावी, तिजवर रोलर फिरवावा आणि सभासदांची इच्छा झाल्यास त्यांस थोडे चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. पगार दरमहा तीन रुपये.

सुमारे १८९२ साली तो साहेबलोकांच्या पूना क्लबात गेला. तेथे पगार चार रुपये झाला. मैदान आखणे, जाळी उभारणे, खेळपट्टी तयार करणे, ही कामे तेथेही होतीच. परंतु एका साहेबाने त्यास जाळीत गोलंदाजी करावयास सांगितले आणि थोड्याच दिवसांत सर्वांच्या ध्यानात आले की, हा मुलगा सामान्य नव्हे. तो डाव्या हाताने मंदगती चेंडू टाकीत असे. हाताची फेक तीच, पाऊलही तेच. पण एक चेंडू बाहेर वळे, दुसरा आत येई, तिसरा वळतच नसे. उंची व वेग यांत तो असा सूक्ष्म फरक करी की फलंदाजाने पाय पुढे टाकावा की मागे घ्यावा हेच त्यास उमगू नये. शिवाय तासन् तास चेंडू टाकूनही त्याची दिशा ढळत नसे.

त्या वेळी पुण्यात कॅप्टन ग्रेग हा साहेबांतील नामांकित फलंदाज होता. हा गृहस्थ पुढे वृद्धपणी रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला. तो रोज इतर मंडळींच्या आधी तासभर येऊन बाळूस गोलंदाजी करावयास लावी. बाळूने बाद केले की ग्रेग त्यास दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. हा हिशेब मुलांनी मनाशी करून पाहावा: महिन्यातून आठ वेळा ग्रेग बाद झाला म्हणजे महिन्याच्या पगाराएवढे चार रुपये पदरात! आख्यायिका खरी असो वा नसो, रोजच्या त्या तासाने ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूची गोलंदाजी घडली, यात शंका नाही.

परंतु येथे आमच्या मुलाच्या प्रश्नाची आठवण होते. पूना क्लबात बाळूने हजारो चेंडू टाकले, पण तेथे त्यास बॅट कधीच हाती मिळाली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते चाकराकडून करून घ्यावयाचे; फलंदाजी हा मानाचा खेळ, तो साहेबांनी खेळावयाचा, अशी ती वाटणी होती.

त्या सुमारास पुण्यातील हिंदू मंडळींनी आपला संघ उभारला व साहेबांस हरविण्याची ईर्षा धरली. साहेबांस रोज चकविणारा गोलंदाज गावातच होता, पण तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा. त्यास संघात घ्यावे की न घ्यावे यावर सभासदांत मोठा वाद माजला. कित्येकांचा धर्म आड येत होता, कित्येकांस विजय हवा होता. ग्रेगने तर उघडच मत दिले की, जातीच्या कारणासाठी अशा गोलंदाजास मुकणे हे हिंदू मंडळींचे शहाणपण नव्हे. अखेर बाळूंस संघात घेतले. मग घडले ते असे. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. पण चहाची वेळ झाली की इतर मंडळी मांडवात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस तो मांडवाबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही निराळे. चेंडूस विटाळ होत नव्हता, पेल्यास होत होता!

वाचकहो, या गोष्टीस आज हसून चालणार नाही. ज्यांनी हे केले ती दुष्ट माणसे नव्हती. ती शिकलेली, आपल्या घरी सज्जन म्हणून नावाजलेली माणसे होती. आपण जे करतो ते अन्यायाचे आहे, हे त्यांस दिसतच नव्हते. सज्जनांच्या हातून होणारा अन्याय असाच असतो.

बाळूंनी वाद घातला नाही. ते चेंडू टाकीत राहिले. साताऱ्याच्या साहेबलोकांशी पुण्याच्या हिंदूंचा सामना ठरला, तेव्हाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती साताऱ्यास पोहोचली होती. फिरकीचा चेंडू खरबरीत मातीत अडकून वळतो. माती दाबून गुळगुळीत केली तर तो सरळ निसटतो. म्हणून साताऱ्याच्या मैदानावरील चाकरांस आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरविण्याची आज्ञा झाली. रोलर त्यांचा, मैदान त्यांचे, चाकरही त्यांचे. तरी सामन्यात बाळूंनी ७ गडी बाद केले. जन्मभर ज्याने खेळपट्टीवर रोलर फिरविला त्यास गुळगुळीत मातीचा स्वभाव साहेबांहून अधिक ठाऊक होता! या पराक्रमानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास आडकाठी का, असा प्रश्न मंडळींस केला, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांस घेण्यास काही सभासदांनी हरकत घेतली. पण कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला व ते आत आले. पुढे बाळू बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या संघाकडूनही खेळत. शिवरामही जिमखान्यात आला, आणि मागाहून गणपत व विठ्ठल हे धाकटे भाऊही. एका खोलीच्या घरात वाढावे तसे चौघे भाऊ एका खेळात वाढले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांवर आटोपले. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. ज्यांचे मैदान, ज्यांचे राज्य, ज्यांचा खेळ, ते हरले! वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. सर्व देशभर या विजयाचा गाजावाजा झाला. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, पुण्यात ज्याला मांडवाबाहेर चहा मिळे तो बाळू मुंबईत आपल्या संघातील मंडळींबरोबर जेवावयास बसू लागला होता. त्या काळच्या समाजसुधारकांच्या पत्राने या गोष्टीचे कौतुक केले.

आता पैशाच्या बळाची दुसरी बाजू पाहू. १९११ साली सर्व हिंदुस्थानातर्फे एक संघ प्रथमच विलायतेस गेला. त्याचे कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय अवघे १९ वर्षे. दौऱ्याचा खर्च राजेरजवाडे व धनिक व्यापारी यांच्या औदार्याने चालला होता, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तो पैसा नसता तर बाळू विलायत पाहतेच ना. परंतु बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष. महाराजांस मेजवान्या व समारंभ पुष्कळ. ते थोडेच सामने खेळले. त्यांच्या पदरी असलेला मिस्त्री हा संघातील उत्कृष्ट फलंदाज. त्यासही महाराजांच्या तैनातीत राहावे लागले व संघ त्यास मुकला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी १० हरले, २ जिंकले, २ अनिर्णित राहिले. पैशाने संघ बोटीत बसविता येतो, पण तोच पैसा संघाचा उत्तम गडी मेजवानीस ओढूनही नेतो, असा हा धडा होय.

या पडत्या संघात एकच मनुष्य उभा राहिला. बाळूंनी त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, प्रत्येकी सरासरी १८.८४ धावा देऊन. त्यांपैकी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात तर एकट्याने ८ गडी टिपले. लिस्टरशायर परगण्याविरुद्ध संघ जिंकला तो बाळूंच्या ११ बळींमुळे. सॉमरसेटविरुद्ध जिंकला त्यात शिवरामने नाबाद शतक केले होते. पस्तिशीचे वय, परका ओला देश, दुखरा खांदा, आणि दिवसेंदिवस तेच काम. पुण्याच्या जाळीत तासन् तास चेंडू टाकलेला हात विलायतेत कामास आला.

मुंबईस परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. त्या प्रसंगी वाचलेले मानपत्र एका तरुण कॉलेज विद्यार्थ्याने लिहिले होते, असे चरित्रकार सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर.

इतका थोर खेळाडू आपल्या संघाचा कप्तान झाला असेल असे कोणासही वाटेल. तो कधीच झाला नाही. बाळू संघातील सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. परंतु ब्राह्मण व इतर उच्चवर्णीय खेळाडूंनी चर्मकार कप्तानाची आज्ञा पाळावयाची, ही कल्पना निवड करणाऱ्या मंडळींस सोसली नाही. १९१३ साली मुकुंदराव पै यांस कप्तानी मिळाली. त्यांच्या ज्ञातीने त्यांचा सत्कार केला तेव्हा या सद्गृहस्थाने भर सभेत सांगितले की, हा मान वडीलकीने व अनुभवाने आपले मित्र बाळू यांचा होता. स्वतःच्या गळ्यात हार पडत असता दुसऱ्याचा हक्क बोलून दाखविणे सोपे नव्हे. मुलांनी पै यांचे नावही ध्यानात ठेवावे.

१९२० साली चौरंगी सामने झाले. पै आजारी पडले, तेव्हा कप्तानी तरुण देवधर यांजकडे गेली व बाळूंस तर संघातूनच वगळले. या वेळी भावांनी सोसले नाही. विठ्ठल व शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि त्याचे कारण जाहीर केले. लोकमत त्यांच्या बाजूचे झाले. अंतिम सामन्यास पै परतले, बाळूंस उपकप्तान नेमले, भाऊ पुन्हा संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणजे तेवढा वेळ तरी संघाची सूत्रे बाळूंच्या हाती यावीत! पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले, संघाने युरोपियनांस हरविले, आणि उच्चवर्णीय हिंदूंनी विठ्ठलास खांद्यावर घेऊन मिरविले. जे थोरल्यास मिळाले नाही ते धाकट्याने मिळविले. पण ते दार थोरल्याच्याच खांद्याने ढकलले गेले होते.

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ सालच्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस डॉ. आंबेडकर यांच्या विरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली, बाळू हरले. ज्याने एके काळी मानपत्र लिहिले व ज्याला ते मिळाले, ते दोघे समोरासमोर आले, हा काळाचा महिमा. दोघांचे मार्ग निराळे होते. बाळू समजुतीने व सहवासाने मने पालटतील अशी आशा धरीत, डॉ. आंबेडकर हक्क मागून व झगडून घेत. कोणाचा मार्ग बरोबर, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. पण दोघांस एकच वेदना ठाऊक होती. १९३४ साली डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह याच वाटेने वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदातील पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटविले म्हणून जमावाने त्यांस शिव्या दिल्या. पाण्यास कोठेही स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, बरोबर शिपाई देऊन, त्यांस किल्ला दाखविण्यात आला. विलायतेहून विद्वत्तेच्या पदव्या घेऊन आलेला हा पंडित. पुण्याच्या मांडवाबाहेरील मातीचे भांडे आणि दौलताबादचा हौद यांत चाळीस वर्षांचे अंतर होते, पण गोष्ट एकच होती. आमची मुले क्रिकेटचा वाद घालीत त्या किल्ल्यावरूनच गेली! पुढे १९५० साली याच आमच्या शहरात डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

१ जून १९५५ रोजी अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा देशात अमलात आला. त्यानंतर महिनाभराने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळू पालवणकर यांनी मुंबईस देह ठेवला.

आता मुलांच्या वादाकडे वळू. आकडे पाहिजेत तर ते असे: प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, प्रत्येक बळीस सरासरी १५.२१ धावा. म्हणजे सामन्यास पाचांहून अधिक गडी. हे आकडे कोणत्याही देशातील थोर गोलंदाजाशेजारी मांडता येतील. परंतु ज्या सामन्यांची अशी नोंद झाली त्यांतील त्यांचा पहिला सामना १९०६ सालचा, तेव्हा बाळू तिशीचे होते. त्याआधीची ऐन जवानीची वर्षे, ग्रेगला टाकलेले हजारो चेंडू, साताऱ्याचे ते ७ बळी, यांपैकी काहीही त्या रकान्यांत नाही. फलंदाजीच्या रकान्यात त्यांच्या नावे ७५३ धावा आहेत. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, फलंदाज म्हणून बेताचाच. मग पूना क्लबात न मिळालेली बॅट आठवावी. कप्तानीचा रकाना तर कोराच आहे. आकडे खोटे बोलत नाहीत. पण ज्याला संधी नाकारली त्याच्याविषयी ते बोलतच नाहीत.

ही गोष्ट आपल्याच देशाची नव्हे. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडील क्रिकेटइतकाच लोकप्रिय. तेथेही धनाढ्य शहरांचे संघ पैशाच्या बळावर जिंकतात की काय, व कोणता खेळाडू सर्वांत थोर, यावर लोक जन्मभर वाद घालतात. तेथील मोठ्या संघांत कित्येक वर्षे काळ्या वर्णाच्या खेळाडूंस प्रवेश नव्हता. ते आपल्या निराळ्या संघांत खेळत. जोश गिब्सन हा त्यांतील विलक्षण फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला, आणि अवघ्या तीन महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन यास मोठ्या संघाचे दार उघडले. गिब्सनचे आकडे मुख्य नोंदवहीत घेण्यास २०२४ साल उजाडले. आणि ते घेताच फलंदाजीच्या सरासरीत तो सर्वांत वरचा ठरला. सत्तर-पंचाहत्तर वर्षे जी वही पूर्ण आहे असे लोक समजत होते तिची पाने गहाळ होती.

वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कोरले गेले असे मानतात. राजाच्या तिजोरीवाचून ते झाले नसते. पण वरून खाली डोंगर फोडीत येणारे हात राजाचे नव्हते. त्या कामात छिन्नी एकदा चुकली की निघालेला दगड परत चिकटविता येत नाही. म्हणजे प्रत्येक हात कसलेला असला पाहिजे. राजाचे नाव आपण पाठ करतो, त्या हातांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. मैदानाचेही असेच आहे. तिजोरीचे बळ खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खेळ तिजोरी खेळत नाही.

प्रभू येशूने मंदिरातील भांडारापाशी बसून दान टाकणाऱ्यांस पाहिले, ती गोष्ट आमच्या मुलांस ठाऊक आहेच. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले, गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या, आणि प्रभूने तिचे दान सर्वांत मोठे मानले. कारण त्याने किती टाकले हे पाहिले नाही, किती उरले हे पाहिले. खेळाडूची थोरवीही याच मापाने मोजावी असे आम्हांस वाटते. किती मिळविले एवढेच पाहू नये; कोठून निघाला, वाटेत काय काय नाकारले गेले, आणि तरी मनात कडूपणा न धरता काय दिले, हे पाहावे.

शेवटी आमची स्वतःची एक चूक कबूल करणे भाग आहे. वसतिगृहातील त्या मुलाचा प्रश्न ऐकल्यावर आम्ही आमच्याच मैदानाकडे पाहू लागलो. तेव्हा दिसले की, जी मुले घरून बॅट आणतात ती आधी फलंदाजी करतात, आणि ज्यांजपाशी बॅट नाही ती चेंडू टाकतात, धावून आणतात, व तास संपल्यावर यष्ट्या उचलून ठेवतात. हे कोणी ठरविले नव्हते. आपोआप होत आले, आणि आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे ते पाहून न पाहिल्यासारखे केले. पूना क्लबातील साहेबांस नावे ठेवण्याचा आम्हांस काय अधिकार? यंदापासून शाळेच्या बॅटी सर्वांच्या समजल्या जातील, फलंदाजीचा क्रम हजेरीपटाप्रमाणे लागेल, आणि यष्ट्या उचलण्याचे कामही त्याच क्रमाने सर्वांकडे येईल असे ठरविले आहे. ज्या पालकांस आपल्या मुलास चांगली बॅट घेऊन देणे शक्य आहे त्यांनी ती अवश्य द्यावी. पण ती मित्राच्याही हाती देण्यास त्यास शिकवावे.

विद्यार्थिमित्रांनो, वाद खुशाल घाला. खेळावर प्रेम असल्यावाचून वाद होत नाही. पण पुढच्या खेपेस वेरूळच्या वाटेवर दौलताबाद आले की क्षणभर वाद थांबवून खिडकीबाहेर पाहा. आणि कोणी सर्वांत थोर खेळाडूंची यादी करू लागला तर त्यास सांगा की, तीन रुपये पगारावर खेळपट्टी झाडणाऱ्या एका मुलाचे नाव तीत घालावयाचे राहिले आहे.